कृष्णाकाठच्या पायवाटा : वाई परिसरातील भटकंतीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात वाई आणि तिच्याभोवतीच्या डोंगरांतील पायवाटांविषयी एक लहान टिपण आले होते. सातारा जिल्ह्यातील हे कृष्णाकाठचे गाव पायी फिरणाऱ्याला महाबळेश्वर-पाचगणीपेक्षा अधिक देते, असे मी त्यात लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेकांच्या मनात असणारे प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

मी अडुसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. गुडघ्यांमुळे डोंगर चढता येत नाही, पण सपाटीवर तास-दीड तास सहज चालते. आपण लिहिलेले सगळे गडांविषयीच होते. माझ्यासारखीने वाईत येऊन काय करावे? — एक वाचक, नाशिक

आपली तक्रार रास्त आहे आणि ती मी मनापासून स्वीकारतो. खरे तर वाईची ओळख नदीकाठापासूनच करून घ्यायला हवी. ज्याने घाट पाहिले नाहीत, त्याला वरून गडावरून पाहिलेली नदी ही केवळ एक चमकणारी रेघ वाटते.

पहिल्या दिवशी सकाळी उन्हे वर येण्याच्या आत घाटांवर जावे. वाईचे सात घाट सांगितले जातात : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. गावाच्या आळ्या आणि घाट यांची नावे एकमेकांत गुंतलेली आहेत, कारण प्रत्येक आळीचे रोजचे जगणे आपापल्या घाटावर उतरत असे. हिवाळ्यात होणारा कृष्णाबाईचा उत्सवसुद्धा अजून घाटाघाटाने वेगवेगळा साजरा होतो. तो चालू असताना आलात, तर नदीला देवी मानणे म्हणजे काय, हे पुस्तक न उघडता समजेल.

गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. दर्शन झाल्यावर लोक समोरूनच परततात. आपण मात्र मंदिराच्या मागच्या बाजूला अवश्य जावे. तेथील भिंत माशाच्या आकाराची आहे आणि तिचे निमुळते टोक प्रवाहाच्या दिशेने काढलेले आहे. पुराचे पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे आणि गाभाऱ्यावर त्याचा थेट मारा होऊ नये, ही त्यामागची योजना. नदीच्या इतक्या जवळ बांधायचे ठरवल्यावर नदीचा स्वभाव किती बारकाईने पाहिला गेला होता, हे त्या भिंतीजवळ पाच मिनिटे उभे राहिल्यावर कळते, आणि मला स्वतःला ती भिंत वाईतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

दुसऱ्या दिवशी मेणवलीला जावे. अंतर सुमारे तीन किलोमीटर आहे आणि रस्ता जवळजवळ सपाट आहे. उसाच्या आणि हळदीच्या शेतांमधून जाताना उत्तरेकडे पांडवगडाचे टोक सतत दिसत राहते. जाताना चालावे आणि येताना थकवा वाटल्यास रिक्षा करावी. मेणवली हे नाना फडणवीसांचे गाव. त्यांचा वाडा आणि त्यामागचा अर्धचंद्राकृती घाट दोन्ही पाहण्यासारखे आहेत. वाडा खाजगी मालकीचा आहे, हे लक्षात ठेवून आत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. घाटावरील एका लहान दगडी मंडपात मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मरियमची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधील घंटा मराठा मुलखात ठिकठिकाणी आल्या, त्यांतली ही एक. शंकराच्या देवळासमोर ती गेली अडीचशे वर्षे नांदत आहे. घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी गावातील बाया कपडे धुतात. त्यांच्या कामात अडथळा न आणता वरच्या पायरीवर बसावे. त्या स्वतःच बोलू लागतात आणि त्या सांगतील ते माझ्या या उत्तरापेक्षा ताजे असेल.

उत्साह राहिला, तर वाहनाने पुढे धोमला जावे. वाईपासून ते आठ-नऊ किलोमीटरवर आहे. धौम्य ऋषींच्या नावाशी जोडलेल्या या गावात नरसिंहाचे आणि महादेवाचे देऊळ आहे. महादेवासमोरचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवलेला असून त्याभोवती पाण्याचे कुंड आहे. कुंड भरलेले असताना कासव नंदीला घेऊन तरंगत असल्याचा भास होतो.

आम्ही चार मित्र शनिवार-रविवार जोडून येणार आहोत. पांडवगड, वैराटगड, कमळगड आणि केंजळगड हे चारही किल्ले दोन दिवसांत होतील का? — महाविद्यालयीन विद्यार्थी, बारामती

स्वतःचे वाहन असेल, पाय तरुण असतील आणि पहाटे निघण्याची तयारी असेल, तर होतील. परंतु तसे करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. चार गडांच्या चार दरवाजांपुढे छायाचित्रे निघतील, आणि परतल्यावर पाण्याचे कोणते टाके कोणत्या गडावर होते, हे चौघांपैकी एकालाही नीट सांगता येणार नाही. एक गड आणि त्याच्या पायथ्याचे गाव यांसाठी एक पूर्ण दिवस द्यावा. प्रथमच येत असाल, तर पहिला दिवस पांडवगडाला द्या, कारण या मुलखाची रचना तेथून जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडून दिसत नाही.

पांडवगडाची उंची सुमारे १,२७३ मीटर आहे आणि वाई साधारण सातशे मीटरवर वसलेली आहे, म्हणजे चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास येतो. एक वाट मेणवलीहून आणि दुसरी मांढरदेवीच्या रस्त्यावरील गुंडेवाडीकडून चढते. गुंडेवाडीची वाट लहान आहे. मेणवलीची वाट लांब, पण मला ती अधिक प्रिय आहे. गावामागची पहिली टेकडी चढून गेल्यावर एक लांब सोंड, म्हणजे डोंगराची पुढे आलेली धार, लागते, त्या सोंडेवरून गड समोर ठेवून चालता येते, आणि मागे वळून पाहिले की कृष्णेची वळणे पायरीपायरीने उलगडत जातात. या सोंडेवर झाड जवळजवळ नाही. त्यामुळे सकाळी सहाला पायथा सोडला पाहिजे. नऊनंतर तीच सोंड तव्यासारखी तापते. चढायला दोन ते अडीच तास धरावेत.

गडाची बांधणी शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस केली, असे मानले जाते. शिवाजी महाराजांनी तो १६७३ मध्ये स्वराज्यात घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आज वर पांडजाई देवीचे देऊळ, कातळात खोदलेली टाकी, तटाचे काही अवशेष आणि चुन्याच्या घाण्याची जागा एवढेच उरले आहे. टाकी पाहताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पाणी साठवण्यासाठी कातळ खोदला आणि त्यातून निघालेला दगड तटासाठी वापरला, अशी दुहेरी योजना आपल्या बहुतेक डोंगरी किल्ल्यांवर दिसते. हे ज्याला एकदा कळले, त्याला पुढे कोणताही गड कंटाळवाणा वाटत नाही.

आता माथ्यावरून दिसणाऱ्या देखाव्याविषयी, कारण पांडवगडावर जाण्याचे माझ्या मते मुख्य कारण तेच आहे. पश्चिमेकडे तोंड करून उभे राहावे. खाली धोम धरणाचा जलाशय, त्याच्या वर जंगलाने झाकलेला कमळगड, उजवीकडे केंजळगडाची कातळटोपी आणि तिच्यामागे रायरेश्वराचे लांबच लांब पठार दिसते. डावीकडे, नदीच्या पलीकडे, पाचगणीचे सपाट माथे दिसतात. मग सावकाश वळून पूर्वेकडे पाहावे. तिकडे वैराटगड एकटा उभा असतो आणि त्याभोवतीच्या टेकड्यांवर गवताखेरीज फारसे काही नसते. हा फरक पावसाचा आहे. कृष्णेचा उगम ज्या क्षेत्र महाबळेश्वरी होतो, तेथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून रस्त्याने जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरवर असलेल्या वाईच्या वाट्याला त्याचा एक लहानसा हिस्सा येतो, कारण ढग डोंगराच्या पश्चिम कडांवरच रिते होतात. पश्चिमेचे रान आणि पूर्वेची माळराने एकाच जागी उभे राहून, नुसती मान वळवून पाहता यावीत, अशा जागा सह्याद्रीत पुष्कळ असतील, पण इतक्या थोड्या श्रमात पोहोचता येणारी दुसरी जागा मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वैराटगड करावा. व्याजवाडीकडून दीड-दोन तासांचा खडा, पण सरळ चढ आहे. वर वैराटेश्वराचे आणि मारुतीचे देऊळ आहे, कड्याच्या पोटात पाण्याची टाकी आहेत. केंजळगड आणि कमळगड पुढच्या खेपेसाठी राहू द्यावेत.

फोनमधील नकाशावर दुसऱ्या कुणीतरी नोंदवलेली वाट पाहत आम्ही एका गडाकडे निघालो. ती वाट थेट एका नव्या तारेच्या कुंपणाला जाऊन भिडली. कुंपण ओलांडून गेलो, तर रखवालदाराशी वाद झाला. अशा वेळी काय करावे? — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

कुंपण ओलांडू नये. पहिले उत्तर एवढेच आहे. पण आपल्या प्रश्नामागची अडचण मोठी असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

या डोंगरांतील वाटा गिर्यारोहकांसाठी कुणी आखलेल्या नाहीत. त्या गुराख्यांच्या, मोळी आणणाऱ्या बायांच्या, वरच्या वाडीतून शाळेत उतरणाऱ्या मुलांच्या आणि देवीला जाणाऱ्या माणसांच्या आहेत. वाट जोवर वापरात असते, तोवरच ती वाट असते. वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला की जुनी पायवाट दोन पावसाळ्यांत गवताखाली जाते. जमीन विकली गेली की तिच्यावर कुंपण पडते, आणि लोक शेजारच्या बांधावरून नवी वाट पाडतात. फोनमधील रेघ ही कुणीतरी कधीतरी एकदा चालल्याची खूण आहे. ती वाट आज चालू आहे की नाही, हे फक्त त्या गावाला माहीत असते.

म्हणून माझी पद्धत सांगतो. पायथ्याच्या गावात पोहोचल्यावर लगेच चढायला लागू नये. देवळाच्या पारावर किंवा चहाच्या टपरीवर दहा मिनिटे थांबावे, आणि तेथील वडीलधाऱ्या माणसाला “गडावर जायला सध्या कोणती वाट चालू आहे?” असे विचारावे. “सध्या” हा शब्द महत्त्वाचा आहे. “ही वाट गडावर जाते का?” असे विचारले, तर भिडेखातर “जाते की” असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. वाट कुठे फुटते, पहिली खूण कोणती, पाणी कुठे आहे आणि वर गुरे नेणारे कुणी आहे का, या चार गोष्टी विचारून घ्याव्यात. शेतातून जावे लागत असेल, तर मालकाला सांगून आणि बांधावरूनच जावे. फाटक उघडले तर मागे लावून घ्यावे. उभ्या पिकात पाय टाकू नये, हे मुद्दाम लिहावे लागते याचे मला वाईट वाटते. पण हळदीच्या वाफ्यांतून गेलेल्या बुटांच्या रांगा मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि पुढच्या वर्षी त्या शेताला कुंपण आले, तेही पाहिले आहे.

ढोरवाट आणि माणसाची वाट यांतील फरकही शिकून घ्यावा. कमळगडावरून उतरताना एकदा आम्ही चांगल्या रुंद, मळलेल्या वाटेने पाऊण तास चालत राहिलो. ती वाट हळूहळू पाच-सहा बारीक वाटांत फुटली आणि कारवीच्या झुडपांच्या रानात नाहीशी झाली. गुरे चरत चरत पांगतात, म्हणून ढोरवाटा पांगतात. माणसाला कुठेतरी पोहोचायचे असते, त्यामुळे त्याची वाट शेवटपर्यंत एकसंध राहते, तिच्यावरचे दगड घासून गुळगुळीत झालेले असतात आणि अवघड जागी पायरीसाठी ठेवलेला एखादा दगड सापडतो. त्या दिवशी आम्ही पुन्हा पाऊण तास वर चढून जेथे चुकलो होतो तेथे आलो, म्हणून अंधार पडण्यापूर्वी खाली पोहोचलो. वाट हरवल्यास ओढ्याने खाली उतरण्याचा मोह आवरावा. सह्याद्रीतील ओढे मध्येच कड्यावरून उडी घेतात.

कमळगडावरील कावेच्या विहिरीविषयी ऐकले आहे. तीत उतरणे सुरक्षित आहे का? सोबत बारा वर्षांचा मुलगा असेल. — एक वाचक, कोल्हापूर

कमळगड (सुमारे १,३७५ मीटर) हा कृष्णा आणि वाळकी या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधल्या रांगेवर आहे. वाळकीच्या बाजूने वासोळ्याहून आणि कृष्णेच्या बाजूने नांदगण्याहून वाटा आहेत. दोन्हीकडून अडीच-तीन तास लागतात. वाटेत दाट रान, गोरखनाथाचे ठाणे आणि पाण्याची जागा लागते, त्यामुळे पांडवगडापेक्षा लांब असूनही ही चाल मुलांना कमी जाचते. या गडाला तट-बुरूज जवळजवळ नाहीत. माथ्याचा कातळच त्याचा तट आहे.

विहीर म्हणजे माथ्यावरच्या जमिनीत सरळ कापत नेलेली अरुंद, खोल भेग आहे. सुमारे पन्नास उंच पायऱ्या उतरून तळाशी गेले की भिंतींत तांबडी, ओलसर काव, म्हणजे गेरू, दिसते. बाहेर कितीही ऊन असले तरी आत गारवा असतो. डिसेंबर ते मे या काळात, दिवसा, एका वेळी दोघा-तिघांनी सावकाश उतरण्यास हरकत नाही. पायऱ्या उंच आहेत, तेव्हा मुलाच्या पुढे खालच्या पायरीवर मोठ्या माणसाने असावे. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे पायऱ्यांवर शेवाळे व तळाशी पाणी असते, त्या काळात वरूनच पाहावे. भिंतीवरची काव नखांनी खरवडून त्यावर नावे लिहिण्याची वाईट सवय काहींना लागली आहे. आपल्या मुलाला ती लागू नये म्हणून उतरण्यापूर्वीच त्याच्याशी बोलावे.

पावसाळ्यात यावे की हिवाळ्यात? फुले कधी दिसतात? — एक वाचक, ठाणे

चालण्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. फुलांसाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध. त्या दिवसांत पठारांच्या आणि सोंडांच्या कडेने सोनकीचा पिवळा रंग पसरतो, ओलसर उतारांवर तेरडा असतो, आणि जांभ्या दगडाच्या सड्यांवर, जिथे मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो, तिथे सीतेची आसवे ही इवली निळी फुले येतात. ती कीटकभक्षी वनस्पती आहे. निकृष्ट मातीतून जे मिळत नाही, ते ती बारीक जीव पकडून मिळवते. फुले पाहण्यासाठी सड्यावर चालताना उघड्या खडकावरच पाय ठेवावा.

कारवी दरवर्षी फुलत नाही. सात वर्षे वाढून ती एकदाच, एकाच वेळी, डोंगरच्या डोंगर जांभळे करते, बी धरते आणि मरते. ज्या वर्षी कमळगडाच्या बाजूला कारवी फुलल्याचे कळेल, त्या वर्षी बाकी सर्व बेत बाजूला ठेवून जावे.

जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर हिरवे असतात हे खरे, परंतु धुक्यात वाटा सापडत नाहीत आणि मुरमाड उतार निसरडे होतात. त्या दिवसांत घाटांवर येणाऱ्यांसाठी एक सूचना. वाईच्या वर धोम धरण आहे, त्याची साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. धरण भरल्यावर दारे उघडली की वाईत पाऊस नसतानाही नदीचे पाणी झपाट्याने चढते. भोंगा किंवा दवंडी ऐकल्याबरोबर पायऱ्या सोडाव्यात, आणि एरवीही पावसाळ्यात पाण्याकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसू नये.

फेब्रुवारीनंतर गवत वाळते आणि वणव्यांचा काळ सुरू होतो. त्या दिवसांत डोंगरावर चूल पेटवू नये. विडी-सिगारेटचे थोटूकही टाकू नये. एका वणव्यात गावाच्या गुरांचा पुढच्या चार महिन्यांचा चारा जातो.

आम्ही दोघी मैत्रिणी आहोत, सोबत पुरुष नसताना या भागात फिरणे योग्य ठरेल का? — एक वाचक, सोलापूर

अवश्य यावे. या मुलखात बाया रानात, शेतात आणि देवीच्या डोंगरावर नेहमीच जात-येत असतात. त्यामुळे दोघी चालताना दिसल्या तर कुतूहल दिसेल, पण त्यात वावगे काही नसते. तरी पहिल्यांदा रायरेश्वराची निवड करावी, असे सुचवतो. रायरेश्वराच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या जंगम कुटुंबे राहतात, आणि शिवाजी महाराजांनी १६४५ मध्ये जेथे स्वराज्याची शपथ घेतली असे परंपरा सांगते, ते देऊळही तिथेच आहे. कड्यावर लोखंडी शिडी आहे, पठारावर गेल्यावर चाल सपाट आहे, आणि वरच्या घरांत आधी कळवल्यास पिठले-भाकरी मिळते. घरातल्या काकूंशी बोलून मुक्कामही ठरवता येतो. सकाळी पठारावरून खाली येऊन खिंडीतून केंजळगड करता येतो. त्याचा माथा गाठायला कातळात कोरलेल्या प्रशस्त पायऱ्या आहेत.

निर्जन वाटेवर अंधार पडण्यापूर्वी वस्तीवर यावे. कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे पायथ्याच्या घरी सांगून जावे. ही खबरदारी पुरुषांनाही तितकीच लागू आहे. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत, पण दऱ्यांत संपर्क मिळत नाही. सोंडेवर किंवा माथ्यावर आल्यावर प्रयत्न करावा.

साप आणि मधमाश्या यांची भीती वाटते. कोणती काळजी घ्यावी? — एक वाचक, पुणे

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आहेत. फुरसे लहान असते आणि दगडांखाली बसते, त्यामुळे चढताना हाताचा आधार घेण्यापूर्वी ती जागा डोळ्यांनी पाहावी. घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत आणि तटाच्या पडक्या दगडांत हात घालू नये. दंश झालाच, तर आवळून बांधणे, चिरा देणे आणि तोंडाने विष ओढणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. बोटातली अंगठी व पायातले बूट काढावेत, तो अवयव फळीला किंवा काठीला बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू न देता उचलून खाली आणावे आणि मांत्रिकाकडे अर्धा तासही न घालवता सरकारी रुग्णालयात न्यावे. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये, कारण आपल्याकडील प्रतिविष या चारही सापांवर चालते.

मधमाश्यांचे संकट मला सापांपेक्षा मोठे वाटते, कारण ते बहुधा माणसांनी ओढवून घेतलेले असते. कातळकड्यांना आग्यामोहोळे लागलेली असतात. त्यांच्याजवळ धूर, दगड, आरडाओरडा आणि उग्र अत्तरे यांपैकी काहीही चालत नाही. माश्या उठल्याच, तर हात न झटकता तोंड-मान झाकून घ्यावी आणि शक्य तितक्या लवकर तेथून दूर, दाट झाडीत जावे. मात्र कड्याच्या बाजूला पळू नये.

स्वतःचे वाहन नाही. एसटीने हे सर्व शक्य आहे का? आणि मांढरदेवीच्या यात्रेच्या वेळी यावे का? — एक वाचक, अहिल्यानगर

शक्य आहे, आणि मी आजही तसेच करतो. पुण्याहून स्वारगेटवरून वाईला थेट गाड्या आहेत. साताऱ्याहून तर दिवसभर आहेत. महामार्ग सुरूर फाट्याला सोडून गाडी वाईकडे वळते. वाई आगारातून मेणवली, धोम आणि पश्चिमेच्या वाड्यांकडे गाड्या सुटतात, परंतु त्या दिवसातून मोजक्या असतात आणि शाळांच्या सुट्टीत त्यांच्या वेळा बदलतात. आदल्या संध्याकाळी स्थानकावरील वाहतूक नियंत्रकांना विचारून वेळा वहीत लिहून घ्याव्यात.

मांढरदेवीची, म्हणजे काळूबाईची, यात्रा पौष पौर्णिमेच्या सुमारास भरते. जानेवारी २००५ मध्ये तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत शेकडो भाविक गेले, त्यानंतर व्यवस्था पुष्कळ सुधारली. तरीही दर्शनासाठी येत नसाल, तर यात्रेचे दिवस टाळावेत. त्या दिवसांत गाड्या यात्रेकडे वळवलेल्या असतात आणि डोंगरावरील जागेवर भाविकांचा हक्क आधी आहे. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाचे बगाड, म्हणजे बैलांनी ओढायचा नवसाचा उंच लाकडी गाडा, असते. तेव्हाही मोठी गर्दी होते, पण त्या दिवशी चालण्याचा बेत रद्द करून बगाड पाहायला जावे.

गडावरून उतरण्याची वेळ ठरवताना शेवटची परतीची गाडी पायथ्याच्या गावातून किती वाजता निघते, यावरून मागे मोजत यावे, आणि त्यात एक तास वाट चुकण्यासाठी मोकळा ठेवावा.